अंध खेळाडूची उडी मोबाइलवर मोजायची, तर: बेळगाव सीमाभागातल्या प्रशिक्षकांसाठी

जागच्या जागी मारलेली उभी उडी किती उंच गेली, यावरून खेळाडूच्या पायातला जोर कळतो. धावपटू असो, लांब उडीवाला असो, गोलबॉल (आवाज करणाऱ्या चेंडूनं खेळायचा अंधांचा खेळ), ज्युदो किंवा अंधांचं फुटबॉल खेळणारा असो, हा आकडा प्रत्येकाच्या प्रशिक्षकाला उपयोगी पडतो. सराव लागू पडतोय का, पोरगं थकलंय का, मुरगळलेला पाय पूर्ववत झालाय का, हे दर काही आठवड्यांनी तपासता येतं. पूर्वी त्यासाठी प्रयोगशाळेतली, जमिनीत बसवलेली, पायाचा जोर मोजणारी फोर्स प्लेट लागायची. ती खानापूर, निपाणी किंवा हुक्केरीच्या शाळेत येणार कुठून? आता स्लो मोशन चित्रण करणारा फोन आणि एक अ‍ॅप एवढ्यावर काम भागतं.

खरं, ही अ‍ॅप्स डोळस खेळाडू समोर धरून बनलेली आहेत. पाय जमिनीवरून कधी सुटले आणि कधी टेकले एवढंच फोन बघतो. मुलानं पूर्ण जोर लावला की पडायच्या धास्तीनं हात राखून उडी मारली, हे त्याला कळत नाही. अंध मुलांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक इथंच होते. फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं, अचूक निवडलेल्या असतात, हिशेब बरोबर असतो, आणि वहीत उतरलेला आकडा मात्र भीतीचा असतो. म्हणून या लेखात अ‍ॅपपेक्षा जागा, आवाज, स्पर्श आणि सराव यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

फोन नेमकं काय मोजतो

फोन उंची मोजत नाही, वेळ मोजतो. खेळाडू हवेत किती सेकंद होता हे मिळालं की उंचीचं गणित सोपं आहे: हवेतला वेळ गुणिले हवेतला वेळ गुणिले १.२२६. उत्तर मीटरमध्ये येतं. अर्धा सेकंद हवेत राहिलेला खेळाडू साधारण ३०.७ सेंटिमीटर उडाला, ०.४ सेकंद राहिलेला १९.६ सेंटिमीटर. १.२२६ हा आकडा गुरुत्वाकर्षणाच्या ९.८१ ला ८ नं भागून आलाय. उडीचा निम्मा वेळ वर जाण्यात आणि निम्मा खाली येण्यात जातो, असं त्यात गृहीत आहे. हे गृहीतक कधी मोडतं, ते पुढं येईलच.

या पद्धतीचं सर्वांत परिचित अ‍ॅप म्हणजे ‘माय जंप’. स्पेनचे कार्लोस बालसालोब्रे-फर्नांडेझ यांनी ते केलं आणि २०१५ मध्ये त्याची फोर्स प्लेटशी तुलना प्रसिद्ध झाली. २० तंदुरुस्त पुरुषांनी प्रत्येकी पाच उड्या मारल्या होत्या, आणि दोन्हींचे आकडे एकमेकांना फार जवळ निघाले. फोनवर भरवसा ठेवायला हा आधार पुरेसा आहे. पण त्या परीक्षेत फोन पास झाला, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आपल्या खेळाडूकडून खरी उडी काढून घेणं हे आपलंच काम राहतं.

अ‍ॅप विकत घ्यायचं नसेल तरी अडत नाही. स्लो मोशन व्हिडिओ संगणकावर व्हीएलसीमध्ये उघडा आणि ‘ई’ हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढं सरका. दोन फ्रेम्सचे क्रमांक मिळाले की वरचं गणित कागदावर होतं. खिशात फोन ठेवून किंवा कमरेला बांधून उडी मोजणारी अ‍ॅप्सही मिळतात. फोन खिशात हलतो आणि आकडे भरकटतात, त्यामुळं मी ती सुचवत नाही.

आधी फोन तपासा

किती फ्रेम्स हव्यात? सेकंदाला २४०. अर्ध्या सेकंदाच्या उडीत एक फ्रेम इकडंतिकडं झाली तर २४० ला अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो, १२० ला एक सेंटिमीटरचा, ६० ला दोन सेंटिमीटरचा. साध्या ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत एकाच फ्रेमची चूक चार सेंटिमीटर खाते. दोन-तीन महिन्यांच्या सरावानं मुलाची उडी तेवढीच वाढत असेल, तर ती वाढ या चुकीतच बुडून जाईल. १२० चालवून घ्या, त्याखाली नको. काही फोनवर ९६० फ्रेम्सचं ‘सुपर स्लो मोशन’ असतं, तेही टाळा. बऱ्याच फोनमध्ये मधल्या फ्रेम्स खऱ्या टिपलेल्या नसतात, सॉफ्टवेअरनं रचलेल्या असतात.

दुसरी अडचण अँड्रॉइडवर हमखास येते. फोन २४० नं टिपतो, पण फाइल साठवताना ती ३० च्या वेगानं ताणून ठेवतो. मग खेळाडू आठपट वेळ हवेत तरंगताना दिसतो, आणि व्हिडिओवरचं घड्याळ बघून हिशेब केला तर उत्तर भलतंच येतं. म्हणून वेळ घड्याळावरून घेऊ नका. फ्रेम्स मोजा आणि टिपलेल्या वेगानं भागा.

फोन खरंच २४० नं टिपतो का, याची चाचणी पाच मिनिटांत होते. भिंतीवर एक मीटर उंचीवर खडूची रेघ मारा. क्रिकेटचा जड चेंडू असा धरा की त्याचा तळ रेघेला लागेल. स्लो मोशन सुरू करून तो नुसता सोडा. एक मीटर खाली यायला चेंडूला सुमारे ०.४५ सेकंद लागतो. म्हणजे सोडल्यापासून जमिनीला लागेपर्यंत २४० च्या चित्रणात १०८ च्या आसपास फ्रेम्स भरल्या पाहिजेत, १२० च्या चित्रणात ५४. चार-पाच वेळा करून बघा. दोन-तीन फ्रेम्सचा फरक बोट सुटण्याच्या क्षणामुळं पडतो, तो चालेल. आकडा निम्मा किंवा चौथाई आला, तर फोनची सेटिंग किंवा जाहिरातीतला दावा यांपैकी एक खोटं आहे. हा चेंडू अंध मुलांच्याच हातात द्या. चेंडू पडल्याचा आवाज त्यांना ऐकू येतो, आणि आपली उडी कशानं मोजली जाणार हे त्यांना समजतं.

डॉक्टरांचा होकार, त्यानंतरच उडी

ही पायरी कुणीही ओलांडून पुढं जाऊ नये. काही मुलांच्या दृष्टिदोषामागं असं कारण असतं की उडीचा दणका उरलीसुरली नजरही घालवू शकतो. डोळ्याचा पडदा पूर्वी सरकलेला असणं, मोठा मायनस नंबर, भिंग जागेवरून हललेलं असणं, डोळ्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काहीही असेल तर नेत्रतज्ज्ञांनी लेखी ‘उडी चालेल’ म्हटल्याशिवाय त्या मुलाला मोजणीत घेऊ नका. काचबिंदू असेल तरीही विचारून घ्या. उड्या मारताना किंवा नंतर डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके अचानक वाढले, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. उद्यावर ढकलू नका. ही लक्षणं मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण ‘सर, काहीतरी चमकतंय’ हे तुमच्यापर्यंत पोचवणारं दुसरं कुणी नाही.

खेळातला वर्ग आणि डोळ्यांची परिस्थिती दोन्ही वहीत लिहा. अंधांच्या बऱ्याच खेळांत बी-१, बी-२, बी-३ असे वर्ग असतात, धावण्या-उडीत टी-११, टी-१२, टी-१३. बी-१ मध्ये जवळजवळ काहीच दिसत नाही. बी-२ आणि बी-३ मध्ये थोडं दिसतं किंवा नजरेचा घेर फार अरुंद असतो. त्याहून महत्त्वाची एक नोंद म्हणजे मूल जन्मापासून अंध आहे की नजर नंतर गेली. सातव्या वर्षापर्यंत पाहिलेल्या मुलाच्या मनात उडीचं चित्र असतं. जन्मांध मुलानं उडी मारणारा माणूस कधीच पाहिलेला नसतो. शिवाय घरात ‘पडशील, बस खाली’ हेच ऐकत वाढलेल्या कित्येकांनी आयुष्यात मोकळेपणी उडी मारलेलीच नसते. या दोघांना एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं मोजलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो.

जागा

तालमीची लाल माती अंगाला माया लावणारी असली तरी या कामाला नको. वाळूचा खड्डाही नको. पाय रुतला की सुटण्याचा आणि टेकण्याचा क्षण ओळखता येत नाही. जमीन टणक, सपाट, कोरडी हवी. खानापूर-जांबोटीकडं जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल, तेव्हा शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर किंवा मंगल कार्यालयाची मोकळी खोली बघा. आपल्याकडं सर्रास असलेली शहाबादी फरशी पावसाळी हवेत ओलसर होऊन घसरते. तिच्यावर पातळ, न सरकणारी रबरी चटई चिकटवून घ्या. जाड गादी घालू नका, तिनं आकडा बदलतो.

आता चौकट. गोलबॉलच्या मैदानात रेघांवर टेपखाली दोरी असते, म्हणजे खेळाडूला ती हातापायाला लागते. तेच करा. जमिनीवर एक मीटर लांब-रुंद चौकोन सुतळीनं आखा आणि वरून रुंद टेप मारा. चौकोनाच्या मध्यभागी, टाचा जिथं यायच्या तिथं, सुतळीचा वीतभर तुकडा आडवा लावा. टाचेला तो लागला की मूल मधोमध आहे आणि समोर तोंड करून आहे, हे त्याचं त्यालाच कळतं. कुणी दंड धरून उभं करायची गरज उरत नाही. चौकोनाभोवती सगळीकडं निदान दोन मीटर मोकळं ठेवा. खांब, बाक, उघडं दार, पायरी काही नको. गणपतीच्या दिवसांत शेजारी मंडप असेल तर मोजणी पुढं ढकला. अंध खेळाडूसाठी कलकलाट म्हणजे डोळस खेळाडूच्या तोंडावर टाकलेला झगझगीत दिवा. छताचे पंखेही त्या वेळेपुरते बंद ठेवा.

उजेडाचं गणित जरा नाजूक आहे. २४० फ्रेम्सच्या चित्रणाला भरपूर उजेड लागतो, ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, म्हणून सकाळचं ऊन उत्तम. पण अंगावर रंगद्रव्य नसलेल्या, गोऱ्यापान मुलांना तोच प्रकाश सहन होत नाही. अशा मुलाची पाठ उन्हाकडं करा, टोपी घालू द्या. उलट रातांधळेपणा असलेल्या मुलाला अंधुक खोलीत उभं केलंत तर त्याची उरलेली नजरही कामाला येणार नाही आणि तो बिचकेल. एखाद्या मुलाला कोणता उजेड बरा वाटतो, हे त्यालाच विचारावं.

ओळख, स्पर्श, शब्द

खेळाडू आला की पहिली दहा मिनिटं उडीचं नाव काढू नका. त्याला जागा चालू द्या. भिंत कुठं, दार कुठं, चटईची कड कुठं, हे तो हातानं आणि पायानं बघेल. फोन हातात द्या, ट्रायपॉड चाचपू द्या. मग चौकोनात उभं राहिल्यावर सगळं शब्दांत सांगा, उदाहरणार्थ: ‘हे बघ, तू बरोबर मधी हायस. तुझ्या समोर चार पावलांवर फोन हाय, त्याच्या मागं मी उभा हाय. डाव्या हाताला तुझी मैत्रीण बसलीय, भिंतीला टेकून. मागं कोण नाही, सगळं मोकळं.’ हे प्रत्येक वेळी सांगा, मूल जुनं असलं तरी. मागच्या आठवड्यात नसलेला बाक आज तिथं असू शकतो, हे त्याला माहीत असतं.

उडी कशी मारायची हे ‘असं कर’ म्हणून दाखवता येत नाही. परवानगी घेऊन दोन प्रकारे शिकवता येतं. एकात मूल तुमच्या गुडघ्यावर आणि कमरेवर हात ठेवतं आणि तुम्ही हळू खाली बसून वर येता. दुसऱ्यात तुम्ही त्याच्या पाठीला किंवा कोपराला हात लावून किती वाकायचं ते दाखवता. मुलींच्या बाबतीत हे काम बाईंनी किंवा मोठ्या मुलीनं करावं. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी ‘आता गुडघ्याला हात लावतोय हं’ असं बोलून सांगायचं. अचानक लागलेला हात दचकवतो, आणि दचकलेलं शरीर पुढची पाच मिनिटं उडी मारत नाही.

सुरुवात उडीनं करू नका, उतरण्यानं करा. आधी टाचा उचलून टेकवणं, मग दोन बोटं उंच उडी, मग वीतभर. आवाज न करता टेकायला सांगा, कारण उतरणं चांगलं झालं की नाही हे अंध मूल कानानं ओळखू शकतं. ही शिडी चढत गेलात की मूल स्वतःच म्हणतं, ‘अजून वर मारू काय?’ तोवर मोजायची घाई नको.

इशाऱ्याचा आवाज कुठून येतो याला महत्त्व आहे. अंध खेळाडू नकळत आवाजाकडं वळतो. तुम्ही बाजूला उभं राहून ‘उडी’ म्हणालात तर तो हवेतच थोडा फिरेल आणि चौकोनाबाहेर उतरेल. इशारा देणाऱ्यानं फोनच्या बरोबर मागं, मुलाच्या नाकासमोर उभं राहावं आणि दर वेळी तोच माणूस असावा. आपल्याकडच्या संघांत मराठी आणि कन्नड बोलणारी मुलं एकत्र असतात. ‘एक, दोन, तीन’ की ‘ओंदु, एरडु, मूरु’, हे आधी ठरवून घ्या आणि मोजणीच्या मध्यात बदलू नका. माझा स्वतःचा कल असा की नुसतं ‘तयार’ म्हणावं आणि पुढं मुलानं स्वतःच्या मनानं उडावं. घाई लागली की उडी मोडते.

किती दिवस नुसता सराव करायचा? मुलाच्या तीन उड्यांची सरासरी लागोपाठ दोन वेगवेगळ्या दिवशी एक-दीड सेंटिमीटरच्या आत आली, की त्या दिवसापासून मोजणी धरा. त्याआधीचे आकडे वेगळ्या पानावर ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आकडा भराभर चढतो, आणि ही वाढ बहुतेक वेळा पायाची नसते, मनातला धाक गेल्याची असते. तीही कमाईच आहे आणि मुलाला सांगायलाच हवी. पण ‘माझ्या व्यायामानं उडी वाढली’ असं प्रशिक्षकानं त्यावरून लिहू नये.

कोणती उडी

ताठ उभं राहून पटकन खाली वाकायचं आणि लगेच वर उडायचं, ही उडी धरा. शास्त्रीय चाचणीत हात कमरेवर ठेवतात, कारण हात झोकल्यानं उंची दहा टक्के किंवा त्याहून जास्त वाढते आणि पायाचा आकडा झाकला जातो. अंध मुलाला मात्र हात तोल सावरायला आणि समोरच्या वस्तूपासून तोंड वाचवायला लागतात. ते कमरेवर अडकवले की त्याला उघडं पडल्यासारखं वाटतं. बहुतेकांना सरावानं जमतं. ज्याला जमत नाही त्याला हात मोकळे ठेवू द्या, वहीत तसं लिहा आणि त्याच्यासाठी कायम तीच पद्धत ठेवा. एकाच मुलाचे दोन प्रकारचे आकडे एका रांगेत मांडले तर ती रांग निरर्थक होते.

अंशतः दिसणाऱ्या मुलांसाठी पट्टीचा निर्णय आधीच घ्या. गोलबॉलमध्ये सगळेच डोळ्यांवर पट्टी बांधतात, टी-११ मध्येही ती लागते. मूल ज्या अवस्थेत स्पर्धेत उतरतं त्याच अवस्थेत मोजणं मला योग्य वाटतं. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी पानं करा.

स्टुलावरून खाली उडी मारून लगेच वर उसळायची चाचणी अ‍ॅपमध्ये असते. ती अंध मुलांकडून करून घेऊ नका. जागच्या जागी मारलेल्या उडीत जितकं वर गेलो तितकंच खाली यायचं असतं, त्यामुळं जमीन कधी लागणार हे शरीराला न बघताही कळतं आणि पायाचे स्नायू वेळेवर आवळले जातात. स्टुलावरून उतरताना हा अंदाज डोळे देतात. ते नसताना घोटा आणि गुडघा दोन्ही धोक्यात येतात.

चित्रण आणि मोजणी

फोन खेळाडूच्या समोर, दोन ते अडीच मीटरवर, पावलांच्या उंचीला ठेवा. छोटा ट्रायपॉड नसेल तर दोन विटांमध्ये घट्ट बसवा. डोळस खेळाडूंच्या मोजणीत कुणीतरी जमिनीवर पालथं झोपून दीड मीटरवरून चित्रण करतं. इथं ते करू नका, कारण न दिसणारा खेळाडू पुढं सरकत उतरण्याची शक्यता जास्त असते. हवं तर थोडं झूम करा. चित्रात गुडघ्याखालचा भाग आला की पुरे. बुटाच्या टोकाला आणि तळव्याच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली तर फ्रेम निवडणं फार सोपं जातं. अनवाणी की बूट घालून, हेही एकदा ठरवा आणि पाळा.

एक मदतनीस हातभर अंतरावर बाजूला उभा राहील. खेळाडू हवेत असताना त्यानं हात लावायचा नाही, पाय टेकल्यानंतर तोल गेला तरच सावरायचं.

अंग गरम झाल्यावर तीन चांगल्या उड्या घ्या, प्रत्येकीत मिनिटभर विश्रांती. चौकोनाबाहेर उतरलेली, एका पायावर टेकलेली, हात कमरेवरून सुटलेली उडी धरू नका. सर्वांत जास्त लक्ष गुडघ्यांवर ठेवा. निम्मा वेळ वर आणि निम्मा खाली हे गृहीतक इथं मोडतं. पाय ताठ सुटले आणि उतरताना गुडघे पोटाशी ओढलेले असले, तर पाय उशिरा टेकतात आणि अ‍ॅपला वाटतं उडी उंच गेली. अंध मुलं धक्का सोसायला गुडघे लवकर वाकवतात, त्यामुळं ही चूक त्यांच्यात जास्त दिसते. सूचना सोपी द्या: ‘ताठ पायानं ये, बोटं आधी टेकव, मग वाक.’

हिशेब एकदा करून बघू. २४० च्या व्हिडिओत दोन्ही पाय सुटल्याची पहिली फ्रेम ४१२ आणि कोणताही एक पाय टेकल्याची पहिली फ्रेम ५३०. मधल्या ११८ फ्रेम्सना २४० नं भागलं की ०.४९२ सेकंद, म्हणजे उंची २९.६ सेंटिमीटर. टेकल्याची फ्रेम चुकून ५३१ घेतली तर ३०.१. आणि गुडघे वाकवून तोच खेळाडू सात फ्रेम्स उशिरा टेकला, तर उंची दिसते ३३.३. साडेतीन सेंटिमीटरहून जास्त वाढ, आणि पायात ताकद तीच.

फ्रेम निवडणारा माणूस शक्यतो एकच ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा न बघता त्याच व्हिडिओच्या फ्रेम्स काढाव्यात. दोन फ्रेम्सपेक्षा जास्त फरक आला तर तो व्हिडिओ एकत्र बसून पाहा. तीन उड्यांपैकी सर्वांत उंच उडी मुलाला सांगायला छान, वहीतल्या तुलनेसाठी सरासरी जास्त भरवशाची.

आकडा मुलाच्या हातात

उडी त्यानं मारली, आकडा त्याचा आहे. तरी कित्येकदा असं होतं की डोळस मंडळी स्क्रीनभोवती जमून ‘वा, वा’ करतात आणि ज्याची उडी तो बाजूला उभा असतो. हे मला खटकतं. प्रत्येक उडीनंतर आकडा लगेच, स्पष्ट आवाजात, आधीच्या आकड्यासह सांगा. बऱ्याच अ‍ॅप्समधली बटणं आणि आलेख टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर या स्क्रीन बोलून दाखवणाऱ्या सोयींना वाचता येत नाहीत. म्हणून निकाल साध्या तक्त्यात टाका: तारीख, पट्टी, हात, बूट, तीन उड्या, सरासरी, शेरा. असा तक्ता मूल स्वतःच्या फोनवर ओळीनं ऐकू शकतं. फोन नसलेल्याला ब्रेलमध्ये कार्ड करून द्या. मोठ्या मुलांना मोजणीतही घ्या. विश्रांतीची वेळ सांभाळणं, इशारा देणं, तक्ता बोलून भरणं ही कामं ती उत्तम करतात.

व्हिडिओसाठी पालकांची लेखी संमती लागतेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आपल्याकडं संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा, आणि पालकांना वाचून दाखवा. चित्रात फक्त पाय घेण्याचा इथं आणखी एक फायदा होतो, चेहरा येतच नाही. तरीही व्हिडिओ पालकांच्या किंवा गावाच्या ग्रुपवर टाकू नका. फ्रेम्स काढून झाल्या की पुसून टाका.

आकड्याचा अर्थ लावताना

कोणत्याही मुलाचा आकडा दिवसागणिक थोडा हलतो. सराव न बदलता एकाच आठवड्यात दोन दिवस मोजा, सगळ्या मुलांचं करा, आणि फरक लिहून ठेवा. तो सहसा दीड सेंटिमीटर येत असेल, तर पुढं कधी एक सेंटिमीटर वाढल्याची बातमी कुणाला देऊ नका, आणि एक कमी झाल्याची काळजीही करू नका. तीन सेंटिमीटरची घट दोन मोजण्यांत टिकली, तर मात्र विचारा: झोप झाली का, ताप येऊन गेला का, घोटा दुखतोय का, घरी उसाच्या-तंबाखूच्या कामाला जावं लागतंय का.

डोळस मुलांच्या तक्त्यांशी तुलना करू नका. तिथं कमी पडणं हे पायाचं नसून आजवर न मिळालेल्या उड्यांचं असतं, आणि त्या तक्त्यावरून अंध मुलाला काहीच शिकता येत नाही. त्याची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी. दोन अंध मुलांची आपसातली तुलनाही वर्ग, पट्टी आणि नजर कधी गेली हे बघूनच करावी.

उडीचा आकडा मैदानातल्या कामगिरीची हमी देत नाही. टी-११ आणि टी-१२ च्या लांब उडीत फळीऐवजी १ मीटर बाय १.२२ मीटरचा, फक्की मारलेला पट्टा असतो, आणि अंतर खेळाडूचा पाय जिथून सुटला तिथून मोजतात. तिथं आवाज देणाऱ्या साथीदारावरचा विश्वास आणि धावेतली पावलं यांचाही वाटा मोठा. कर्नाटकच्याच चिक्कमगळूरूची रक्षिता राजू टी-११ मध्ये १५०० मीटर धावते आणि तिनं २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. तीही गाइडच्या, म्हणजे सोबत धावणाऱ्या डोळस साथीदाराच्या, सोबतीनंच धावते. आपल्या मुलांना तिचं नाव सांगा, पण कोण तिच्यासारखं होईल हे नुसत्या उडीच्या आकड्यावरून ठरवू नका.

दर तीन-चार आठवड्यांनी मोजणं पुरे. मैदानी स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत मोजू नका, आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तर नकोच. आठवडाभर पुन्हा उतरण्याचा सराव द्या, मग मोजा.

स्लो मोशनचा फोन मिळालाच नाही, तर उभ्यानं मारलेली लांब उडी टेपनं मोजा. सुरुवातीची रेघ तीच, सुतळीवर टेप. बोटं सुतळीच्या मागं. आवाज देणारा तीन-चार मीटर पुढं, अगदी सरळ रेषेत उभा राहून टाळ्या वाजवेल आणि खेळाडू पोचण्याच्या वाटेत येणार नाही. उतरायला खाली न सरकणारी चटई हवी. रेघेच्या पुढच्या कडेपासून मागं राहिलेल्या टाचेपर्यंत अंतर घ्या, आणि टेपचं एक टोक मुलाच्याच हातात द्या, म्हणजे आपण किती लांब आलो ते त्याला टेपवरून बोटं फिरवत मोजता येईल.